खंडेनवमीला बाहेर ठेवलेली मूठ

शर्वरीच्या आईनं माझी मूठ चिमटीत धरली आणि बाहेर बुटांच्या रॅकवर नेऊन ठेवली.

खंडेनवमीची सकाळ. आमच्या शूटिंग रेंजवर शस्त्रपूजन चाललं होतं. टेबलावर लाल कपडा, त्यावर ओळीनं एअर पिस्तुलं, वर झेंडूच्या माळा. त्या माळा मीच ओवल्या होत्या.

मूठ म्हणजे पिस्तुलाचा हातात धरायचा लाकडी भाग. एका स्क्रूवर बसतो, एका स्क्रूवर निघतो. ही मी घरी केलेली. क्लबच्या पिस्तुलाची मूळ मूठ बाप्याच्या पंज्याच्या मापाची. माझा हात लहान, पिस्तूल आत खेळायचं. मग मी कणकेचा गोळा मुठीत दाबून हाताचा ठसा घेतला, वाळवला, तो समोर ठेवला आणि मोडक्या पलंगाचा सागवानी पाय कानशीनं घासत बसले. जिथं जास्त घासलं गेलं तिथं नळाचा पाइप गळल्यावर लावतात ती पुट्टी भरली. पिंपळवंडीला आमच्या ओट्यावर सगळा उन्हाळा भुसा उडत होता. पण मूठ अशी बसली की डोळे मिटून हात वर केला तरी नेम सरळ जायचा.

काकींनी, म्हणजे शर्वरीच्या आईनं, आधी पिस्तूल उलटसुलट करून ती बघितली. "ही कशाची गं?"

पलंगाच्या पायाची, मी सांगितलं. कौतुकानं सांगितलं.

"कुनाच्या पलंगाच्या?"

"आमच्या."

"मग पूजेत नको बाई."

त्यांनी आम्हाला शिकवणाऱ्या सरांना मूठ काढायला लावली. सरांनी काढली. पिस्तुलावर जुनी काळी मूठ चढली आणि ते लाल कपड्यावर गेलं. जनरेटरच्या पान्याला हळदकुंकू लागलं. शर्वरीच्या पप्पांच्या जेसीबीच्या चावीला लागलं. माझी मूठ बुटांपाशी.

का, ते कुणी बोललं नाही. बोलावं लागत नाही. पहिल्याच आठवड्यात काकींनी मला पूर्ण नाव विचारलं होतं. आडनाव ऐकून नुसतं "हां हां" म्हणाल्या होत्या.

आणि खरं सांगू? आमच्या घरी खंडेनवमी नसतेच. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच देव्हारा गेला. पूजेशी माझं देणंघेणं नाही. तरी त्या क्षणी मला माझी मूठ त्या कपड्यावर हवी होती, शर्वरीच्या पिस्तुलाला चिकटून. दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून मी आईबरोबर विहारात बसले. तोंडानं वंदना चालू आणि डोळ्यांपुढं लाल कपडा. माझाच मला राग आला.

जळत होते मी. झाकून कशाला ठेवू? रेंज शर्वरीच्या पप्पांची. हायवेच्या कडेला त्यांचं मंगल कार्यालय आहे, त्याच्या मागच्या शेडमध्ये लेकीसाठी त्यांनी ती बांधली. मी अवसरीला इंजिनिअरिंगला. कॉलेजच्या मुलींना एक महिना फुकट शिकवलं तेव्हा आले आणि सरांनी हात बघून मला ठेवून घेतलं. शर्वरीचं पिस्तूल परदेशी. पेटीत फोम कापून प्रत्येक वस्तूला जागा केलेली. तिच्या चष्म्याला डावा डोळा झाकायला छोटंसं काळं झापड होतं, कंपनीचं. माझं झापड श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाचं, काळं रंगवून केसांच्या चिमट्यानं चष्म्याला अडकवलेलं. तिची पेटी उघडली की येणारा तेलाचा वाससुद्धा मला नकोसा व्हायचा. तिचा नेम चुकला की पोटात गार वाटायचं. आणि ती पोरगी वाईट नाही. मला आपल्या डब्यातला लाडू द्यायची. तिचा राग करायला तिनं काही जागाच ठेवली नव्हती, म्हणून जास्तच जळायचे.

दिवाळीनंतर तिचे पॉइंट घसरायला लागले. नव्या पिस्तुलाची मूठ तिला मोठी. मनगट दुखायचं, पट्टी बांधून यायची. विभागाचं सिलेक्शन तोंडावर आलेलं. मला मनातून बरं वाटत होतं.

एका दुपारी पप्पांनी मला ऑफिसात बोलावलं. काकी, शर्वरी, सर, सगळे तिथं. मला खुर्ची दिली. ऑफिसातली खुर्ची मला पहिल्यांदाच मिळत होती.

"पोरी, तुझ्या हातात कला हाय," पप्पा म्हणाले. "शर्वरीला तसलीच मूठ करून दे. सिलेक्शनच्या आदी."

खोटं कशाला बोलू, मी फुगले. ज्यांच्याकडं सगळं आहे त्यांना माझ्याकडचं काहीतरी हवं होतं. शर्वरी आशेनं बघत होती. मी हो म्हणाले. आधी ठसा घ्यावा लागेल, उद्या घरून कणीक घेऊन येते, म्हणाले.

काकी पटकन बोलल्या, "कनीक तू नको आनू. आमच्या घरचीच मळून देते."

खोलीत कुणालाच काही वाटलं नाही. सर भिंतीकडं बघत होते. शर्वरी मोबाइलकडं. ती कणीक कुणी खाणार नव्हतं. तिच्यात नुसता हात दाबायचा होता. तरी माझ्या घरचं पीठ लेकीच्या तळव्याला लागायला नको होतं. माझे हात चालणार होते. मी घासलेलं लाकूड ती रोज पंज्यात घट्ट धरणार होती, ते चालणार होतं. त्यावर मेडल आलं असतं तर पुढच्या खंडेनवमीला त्याच मुठीला हळदकुंकू लागलं असतं.

मी उठले.

"मग मूठबी तुमच्याच घरी करा, काकी."

पप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा आवाज चढवला नाही. "क्लबचं पिस्तूल उद्यापासून कपाटात ऱ्हाईल," एवढंच म्हणाले. शर्वरी आईकडं बघून मनगटावरची पट्टी गुंडाळायला लागली. सर माझ्यामागं दारापर्यंत आले. माफी मागून टाक, लाकडाचाच तर तुकडा आहे, असं हळूच म्हणाले. मी त्यांच्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, पूजेनंतर क्लबच्या पिस्तुलावर परत बसवलेली माझी मूठ काढली आणि सॅकमध्ये टाकली.

सिलेक्शन पुढच्या महिन्यात आहे. नाव कॉलेजकडून गेलंय, ते त्यांना खोडता येत नाही. पण माझ्याकडं पिस्तूल नाही. पाण्याच्या पाइपात वाळू भरून मी पिस्तुलाएवढं वजन केलंय, त्याला मूठ बसवलीय. सकाळी ओट्यावर उभी राहून समोरच्या भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर हात धरते. खांदा भरून येईपर्यंत. पुण्यातल्या एका रेंजवर तसलंच पिस्तूल आहे, रविवारी तासभर देतात. पहिल्या एसटीनं जाते. सिलेक्शनच्या दिवसापुरतं तेच द्यायला ते तयार झालेत.

शर्वरीनं कुठूनतरी मूठ बनवून आणलीय असं ऐकलं. ऐकलं तेव्हा भाकरी गिळवेना. घरचे म्हणतात, हेवा सोड, मन साफ ठेव. मी सोडणार नाही. तिच्या वाट्याला आलेलं सगळं मला हवंय. रेंज, पेटी, परदेशी पिस्तूल, लेकीसाठी शेड बांधणारा बाप, सगळं. ते मिळणार नाही, हे मला कळतं. पॉइंट मात्र बापाला बांधून देता येत नाहीत.

सिलेक्शनला मी तिच्या शेजारच्या लेनवर उभी राहणार आहे, आणि तिला हरवायलाच उभी राहणार आहे.