कुंडीतली माती

मुलीकडे नातू सांभाळायला क्वांगचौला निघाली, तेव्हा थान चिनश्यांगने हूनानमधल्या आपल्या अंगणातली मूठभर माती पुडीत बांधून घेतली. परगावचं पाणी बाधलं, की चिमूटभर माती पाण्यात उकळायची आणि वरची निवळ प्यायची. पहिल्याच आठवड्यात पोट बिघडलं आणि पुडी कामी आली.

हूनानच्या माणसाला घासागणिक लागणाऱ्या मिरचीवर मात्र उपाय नव्हता. बाळाच्या गालावर पुळी उठली, तशा विहीणबाई तिच्या वाडग्याकडे बघत म्हणाल्या, "इथल्या हवेत तुमची मिरची उष्ण पडते हो."

मिरची खाल्ली हिने, मग पुळी बाळाला कशी येईल? पण चिनश्यांगच्या जिवाला घोर लागला. तिने मिरचीची बरणी पलंगाखाली सारली आणि विहीणबाईंचा उष्णता उतरवणारा कडू काढा नाक दाबून प्यायला सुरुवात केली. मिरचीवाचून इथला दमटपणा हाडांत शिरेल, ही धास्ती वेगळीच.

तीन वर्षांनी ती गावी परतली. पहिल्याच तिखट जेवणाने तोंड आलं, मग दोन दिवस पोट धरून बसली. धाकटी बहीण हसत म्हणाली, "ताई, तू तर पाहुणी झालीस. आता कुठली माती उकळू तुझ्यासाठी?"

चिनश्यांगला हसू आलं नाही. बहीण अंगणात गेल्यावर तिने मुलीला फोन लावला.

"गॅलरीतल्या कुंडीतली थोडी माती पाठव," ती हळूच म्हणाली. "आणि विहीणबाईंना कळू देऊ नकोस."