पंचमात चमचाभर पाणी

पेले फुटतात, किस्से उरतात. पंचवीस वर्षं जलतरंग घेऊन माळव्यात हिंडतोय. मूळ सेटमधले निम्मे पेले गेले, पण किस्से ठेवायला घरात जागा नाही! हल्ली नवी मुलं विचारतात, "काका, टूर कशी करायची? टीका कशी पचवायची?" जणू मी पचवलीय!

जलतरंग म्हणजे काय, हे मला दर कार्यक्रमात सांगावं लागतं, तर तुम्हालाही सांगतो. चिनी मातीचे लहानमोठे पेले, त्यांत कमीजास्त पाणी आणि दोन काड्या. पाणी वाढवलं की सूर उतरतो. बस्स. बाकी रियाज आणि फरशी पुसायचं फडकं.

माझे टीकाकार एकच, पण फुल-टाइम. धारचे निवृत्त हेडमास्तर अप्पासाहेब. पहिली रांग, मिटलेले डोळे. कार्यक्रम संपला की मी आशेनं त्यांच्यापुढे जातो. ते डोळे उघडतात. "चिरंजीव, पंचम चढा आहे. चमचाभर पाणी घाला."

दर वेळी हेच! एकदा चिडून आधीच दोन चमचे घातले. "आज उतरला," म्हणाले. बावन्न वर्षांचा झालो, पण त्यांच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं राहूनच गेलं होतं.

*

देवासला एका मराठी घरी बैठक होती. तासभर खपून सूर लावले आणि झब्बा बदलायला आत गेलो. बाहेर येतो तो घरच्या काकू हातात तांब्या घेऊन उभ्या. चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

"अहो, कुणात काठोकाठ, कुणात नुसतं तळाला! मी सगळ्यांत सारखं करून ठेवलं हो. आमच्या घरी दुजाभाव नाही!"

त्या दिवशी तबलजीलाच दीड तास सोलो वाजवायला लावला. निघताना एक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "भिया, आपका इतना अच्छा प्रोग्राम पहले कभी नहीं हुआ!"

*

भाच्यानं माझा व्हिडिओ मोबाईलवरून जगभर सोडला. आठवडाभर मी दर दहा मिनिटांनी उघडून बघत होतो. अखेर एक कॉमेंट आली. एकच.

"कटोरी का पूरा सेट मिलेगा क्या?"

बायको म्हणाली, "चला, कुणाला काहीतरी आवडलं म्हणायचं!"

*

परवा कुक्षीचा कार्यक्रम होता. बसमध्ये पेल्यांची पेटी मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कंई बेचो हो, भिया?"

मी म्हटलं, विकत काही नाही, कलाकार आहे. त्यांचा विश्वास बसेना. मग पेटी उघडून दाखवली. बाईंनी बाजारात माठ पारखावा तसा एकेक पेला बोटानं वाजवला. नेमका पंचमाचा कानाशी धरला आणि तोंड वाकडं करून परत ठेवला.

"यो तो चटक्यो हे. यो नी लूँ."

मी मनात हसलो. म्हणे तडा गेलाय! यांना काय कळतंय सुरातलं!

गंधवानीच्या पुढे एक खड्डा आला. पंचमाचे तीन तुकडे.

*

कुक्षीला पोचलो. संध्याकाळी स्टेजवर चढतो तो पहिल्या रांगेत कोण? अप्पासाहेब! लेकीकडे आले होते म्हणे, तिथून चालत.

तुकडे झब्ब्याच्या खिशात लपवले आणि मारवा सुरू केला. राग संध्याकाळचा, पण खरी सोय अशी की त्यात पंचम लागतच नाही! घाबरल्यामुळे असेल, पण असा वाजला, असा वाजला की मला माझाच हेवा वाटला.

संपल्यावर सवयीनं पुढे गेलो. अप्पासाहेबांनी डोळे उघडले.

मग म्हणाले, "चिरंजीव, छान. आज पंचम अगदी जागेवर होता."

पंचवीस वर्षांनी! मला भरूनच आलं. तसाच त्यांच्या पायाशी वाकलो. खिशातले तुकडे खुळखुळले.

अप्पासाहेबांनी मान कलती करून कान दिला.

"हां," म्हणाले, "आता चढला."