फुटल्या बांधावरची सभा
खाऱ्या चिखलाचा वास आला की मला ती सभा आठवते. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं; आमचं अर्धं भात खोताच्या कोठारात जायचं आणि आम्ही पेजेवर दिवस काढायचो. निवडणूक तोंडावर आली आणि उधाणानं समुद्राकडचा बांध फुटला. घराघरांतली माणसं बुजवायला आली, आणि चिखलाचे गोळे हातोहात देतादेताच आमच्या शेतकरी पक्षाची सभा सुरू झाली. पुढारी वकील म्हणाले, “आपल्यातल्या निम्म्यांना मताचा हक्कच नाही. ‘कसेल त्याची जमीन’ सोडू, खोताच्या वाट्यात नुसती सूट मागू. दुकानदार, मास्तर आपल्याकडे वळतील.” माझी आई डोकीवरची पाटी आपटून म्हणाली, “वकीलदादा, बांध मागं घेतला तर दर्या थांबतो व्हय? मागचं शेतबी खारावतं!” “मग मतं कुठून आणू, वहिनी?” “मागाया जाऊ! त्यांच्या दारात आजवर गेलंय कोन? माझा बी.ए. लेक काय शोभेला हाय?” हशा पिकला. भरती चढत होती. शेवटचा गोळा बसला तसे चिखलानं भरलेले सगळे हात वर गेले, वकिलांचासुद्धा. ‘कसेल त्याची जमीन’ ही मागणी कायम राहिली. मी दारोदार फिरलो, भांडलो, समजावलं. आमचा उमेदवार निवडून आला. पुढं स्वराज्यात कूळकायदा झाला; आज त्या बांधामागचं, आम्ही कसायचो ते शेत आमच्या नावावर आहे.