मामीच्या घरातली तुप्पाकी

भास्करचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या घरात कॉफी गाळत होते. तंजावूरच्या आजोळची ही एक सवय लग्नानंतर इतकी वर्षं टिकली आहे. "मावशी, अज्जी गेली," एवढंच तो म्हणाला. फोनमधून मागचा आवाज येत होता, कुणीतरी तमिळमध्ये फुलांच्या हारांचं सांगत होतं. पहाटे उठून मामीने अंगणात तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचा कोलम काढला, आत येऊन खुर्चीवर बसली आणि तशीच गेली. कोलम पुरा झाला होता, असं भास्करने मी न विचारताच सांगितलं. त्यालाही त्याचंच समाधान वाटलं असावं.

कावेरीमामी ही माझ्या सख्ख्या मामाची बायको आणि भास्करची आजी. राजवाड्यामागच्या गल्लीत, जिथे अजून दहा-बारा घरांत मराठी बोलतात, तिथे तिचा सगळा संसार झाला. तिला देवनागरी वाचता येत नसे. माझे लेख मी तिला फोनवर वाचून दाखवायचे आणि ती म्हणायची, "तुमची पुण्याची मराठी फार घाई करते गे." तिची मराठी सावकाश चालायची, तमिळच्या हेलात, आणि आमच्याकडे कधीच विसरले गेलेले शब्द तिच्या तोंडी रोजचे असायचे. आज तिच्याबद्दल लिहायचं तर कुळंबूच्या आमटीबद्दल लिहावं, तिच्या हाताच्या पुरणपोळीबद्दल लिहावं... पण मला आठवते ती बंदूक. तिच्या भाषेत तुप्पाकी.

हनुमंतमामा सैन्यातून लवकर निवृत्त झाला आणि एका बँकेत पहारेकरी म्हणून लागला. दुनळी बंदूक त्याची स्वतःची, परवान्याची. रोज संध्याकाळी ती खांद्याला लावून तो सायकलवरून घरी यायचा. मामाच्या मते सुरक्षितता म्हणजे उंची. तो ती जुन्या रजईत गुंडाळून माळ्यावर ठेवायचा आणि निश्चिंत व्हायचा. लहानपणी मी तिरुचीहून सुटीत तिथे जायचे. मामाची मुलगी वासंती माझ्याच वयाची, आणि आम्हा दोघींना ती रजई कुठे आहे, तिची गाठ कुठल्या बाजूला आहे, सगळं ठाऊक होतं. एका दुपारी आम्ही स्टुलावर जेवायचा पाट चढवला आणि वासंती त्यावर उभी राहिली. तेवढ्यात मामी आली.

ती ओरडली नाही. वासंतीला कमरेला धरून खाली घेतलं आणि विचारलं, "वर काय आहे, ठाऊक आहे?" वासंती म्हणाली, "अण्णांची तुप्पाकी." "कधीपासून ठाऊक?" "पहिल्यापासून." त्या संध्याकाळी मामा आल्यावर ती त्याला स्वयंपाकघरात म्हणाली, "तुम्ही लपवलांत तें फक्त मजपासून. पोरींस सगळं ठाऊक."

रविवारी सकाळी तिने ओसरीवर चटई अंथरली आणि मामाला बंदूक आणायला लावली. आम्ही दोघी आणि शेजारची दोन मुलं ओळीत बसलो. मामाने बंदूक मधोमध उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार दिसणारं ऊन दाखवलं. एरवी ज्या वस्तूकडे आम्ही चोरून बघायचो ती भर उजेडात इतकी साधी, तेलकट वासाची निघाली की शेजारचा मुलगा जांभई देऊ लागला. मामी म्हणाली, "आत्तां ही रिकामी आहे हें मामांस ठाऊक. तुम्हांस कोठें दिसली तर तुम्हांस ठाऊक नाही. म्हणून तुम्हांस ती भरलेलीच." मग तिने चार गोष्टी आमच्याकडून म्हणून घेतल्या. दिसली की थांब. हात लावूं नको. तेथून नीघ. मोठ्यांस सांग. बंदूक शाळेतल्या मित्राच्या हातात दिसली तरी हेच, खेळण्यातली वाटली तरी हेच. "आणि सांगायला आलांत तर कोणी रागावणार नाही. मी सांगतें ना."

आठवड्याभरात घरात लोखंडी कपाट आलं. काडतुसांची पेटी वेगळी, तिचं कुलूप वेगळं, आणि दोन्ही किल्ल्या मामीच्या कमरेला. मामाला स्वतःची बंदूक रोज सकाळी बायकोकडे मागावी लागायची. तो आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचा, पण मागायचा. निवडणुका लागल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत, त्या दिवसांत मामी फार खुशीत असे. कोण उभा आहे, कोण निवडून येतो, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. तुप्पाकी घरात नाही म्हणून ती पायसम करायची.

आमच्यानंतर वासंतीची मुलं, मग माझी मुलगी इरा, सगळ्यांना मामीने ही चार वाक्यं शिकवली. वासंतीचा भास्कर त्यात सगळ्यांत तरबेज. पाहुणे आले की मामी त्याला पुढे करायची आणि तो हात मागे बांधून खणखणीत म्हणून दाखवायचा. इरा पुण्याची, तिला तंजावूरच्या मराठीचं हसू यायचं. 'मोठ्यांस' म्हणताना ती हमखास फिस्कन हसायची आणि मामी कपाळाला हात लावायची.

मामा बँकेतून निवृत्त झाला त्या सुमारास आम्ही सगळे पापनाशमजवळ एका मुंजीला गेलो. मामाच्या जुन्या मित्राचं घर, भोवती भातशेती. जेवणाची पहिली पंगत बसली होती, मामी वाढत होती, मुलं आत लपाछपी खेळत होती. इरा तिथून आली. धावत नव्हती, भराभर चालत होती. तिने मामीचा पदर ओढला आणि अगदी हळू सांगितलं, "मामीअज्जी, गाद्यांच्या खोलीत तुप्पाकी आहे. भास्करने घेतलीय."

मामीने हातातलं भांडं माझ्याकडे दिलं आणि ती निघाली. मी ते तसंच घेऊन तिच्या मागे गेले. खोलीत गाद्यांची चळत अर्धी कोसळली होती आणि भास्कर दोन्ही हातांत एक छोटं काळं पिस्तूल धरून उभा होता. त्याच्यासमोर, भिंतीला टेकून, यजमानांची धाकटी नात. तिला वाटत होतं खेळच चालला आहे. मामी दारातच थांबली. रोज जेवायला हाक मारते त्या आवाजात म्हणाली, "भास्करा, चापातलें बोट बाहेर काढ. हां. आतां ती गादीवर ठेव, हळूच. त्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून. आतां मजकडे ये." तो आला. तिने त्याला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने त्या मुलीला ओढून घेतलं.

मामाने येऊन पिस्तूल उघडलं. ते भरलेलं होतं. यजमान पुन्हा पुन्हा म्हणत होते, "त्या खोलींत कोणी जातच नाही." मामाने गोळ्या काढून तळहातावर घेतल्या आणि त्यांच्यासमोर धरल्या.

घरी आल्यावर मामीने भास्करला जवळ बसवलं. "तुला तर सगळं येतं ना रे कण्णा?" तो रडत म्हणाला, "म्हणायला येतं अज्जी. हातात घेईपर्यंत आठवलंच नाही." तिने त्याचे डोळे पुसले, त्याला दहीभात भरवला. नंतर ओसरीवर माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, "मी पोरांस नुसतें म्हणायला शिकवलें गे. ती हसणारी पोर करून गेली, आणि हा..." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "पोर तें पोरच. त्याच्या शहाणपणावर घर सोडायचें नाही. तें आपलें काम."

दुसऱ्या दिवशी तिने मामाला बंदूक काढून टाकायला सांगितलं. नोकरी संपली होती, पण दर रविवारी ती पुसून तेल लावण्यात मामाची सकाळ छान जायची. "कपाटात तर असते," तो म्हणाला. "असते," मामी म्हणाली, "पण आतां कशास?" कागदपत्रं पुरी करून मामाने ती तिरुचीच्या एका परवानाधारक दुकानदाराला दिली. त्या संध्याकाळी तो रिकाम्या खांद्याने आला आणि जेवायला बसला. मामीने त्याच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं होतं. त्याचं मोठेपण असं की त्याने नंतर कधी कुरकुर केली नाही, आणि तिचं असं की तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मात्र मुलांना शिकवणं तिने सोडलं नाही, फक्त रीत बदलली. पाठांतर बंद. दिवाळीतल्या टिकल्यांच्या खेळण्यातल्या बंदुका ती कधी उशीखाली, कधी तांदळाच्या डब्यामागे ठेवायची आणि मुलं काय करतात ते दाराआडून बघायची. चुकलं की पुन्हा, न रागावता. आणि दुसऱ्याच्या घरी मुलं पाठवायची झाली की ती सरळ विचारायची, घरात तुप्पाकी आहे का, असली तर कशी ठेवली आहे. वासंती लाजेने अर्धी व्हायची. काही लोक दुखावलेही. मामी म्हणायची, "कॉफींत साखर किती, हें विचारतों ना? तसेंच हें."

तेराव्याला आम्ही सगळे तंजावूरला जमलो. इराला परदेशातून येता आलं नाही, ती फोनवर रडली. विधी आटोपून पाहुणे गेल्यावर आम्ही घरचेच ओसरीवर बसलो होतो. भास्करची चार वर्षांची मुलगी मामाच्या मांडीवर होती. मामा आता फार थकला आहे, ऐकायलाही कमी येतं. भास्करला पुढच्या आठवड्यात कुटुंबासह कुर्गला एका सहकाऱ्याच्या कॉफीच्या मळ्यात जायचं होतं. तिकडे बऱ्याच घरांतून बंदुका असतात. त्याने आमच्यासमोरच फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, किंचित अडखळत, त्याने इंग्रजीत विचारलं, "बरोबर लहान मुलगी आहे, म्हणून विचारतो... घरात बंदूक आहे का? कुठे असते?" पलीकडचा माणूस काहीतरी हसून बोलला. भास्करही हसला, आभार मानले आणि फोन ठेवला.

"काय म्हणतो?" मामाने विचारलं.

"आहे म्हणे, पण कुलपांत आहे."

मामाने पणतीच्या केसांवरून हात फिरवला. "आणि काडतुसें?"

भास्करने पुन्हा फोन उचलला.