दादाने पाठवलेल्या डिस्क

दादाने मला फसवलं होतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, तरी लिहायला बसले की हेच आधी येतं.

माझा सख्खा मोठा भाऊ. आलापल्लीला वनविभागात नोकरीला. मी इकडे गडचांदूरला शाळेत शिकवते.

दोघांनाही सिनेमाचं भारी वेड.

तेव्हा डीव्हीडीच्या पुढचं, एकदम स्वच्छ चित्राचं नवीन काहीतरी आलं होतं. पण त्यात दोन फॉरमॅट. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे. एकाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही.

मग ठरलं, दोन्ही घरी एकाच फॉरमॅटचा प्लेअर घ्यायचा. थोड्या डिस्क त्याने घ्यायच्या, थोड्या मी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती अदलाबदल करायची.

विजय, माझा नवरा, ब्लू-रे म्हणत होता. दादा एचडी डीव्हीडीवर अडून बसला.

"सुमे, प्लेअर स्वस्त हाय. अन् कोणत्याबी देशातली डिस्क चालते त्याच्यावर. ब्लू-रेत ते भानगड हाय. माह्यं ऐक."

ऐकलं. नवऱ्याचं सोडून भावाचं ऐकलं. विजयच्या ऑफिसातल्या एकांनी परदेशातून येताना दोन प्लेअर आणले. एक आमचा, एक दादाचा.

वर्षभर मजेत गेलं. सिनेमा पाहून झाला की फोनवर आमचं भांडण ठरलेलं.

मग बातमी आली. एचडी डीव्हीडी बंद. ब्लू-रे जिंकला.

मी लगेच फोन केला. "दादा, आता काय करायचं?"

"काई नाई. हायेत तेवढ्या पाहू. बुडालो तर दोघंबी सोबतच बुडालो ना."

किती बरं वाटलं होतं ते ऐकून.

त्यानंतर त्याच्याकडून डिस्क येतच राहिल्या. पिशवी भरभरून.

"राहू दे तुह्याचजवळ. वापस नको धाडू."

मी विजयला म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आलापल्लीला गेले. टीव्हीखाली ब्लू-रे प्लेअर. बाजूला नव्या डिस्क.

वहिनी सहज बोलून गेली, "जुना तर यांनी बातमी यायच्या आधीच विकला. भाव उतरन म्हणे. तुमाले नाई सांगितलं?"

म्हणजे मी शेवटी पाठवलेला सिनेमा त्याने पाहिलाच नव्हता. फोनवर मात्र भरभरून बोलला होता.

दादा घरात आला. मी विचारलं, "काऊन सांगितलं नाई?"

"तू नाराज झाली असती. माह्याचमुळं घेतला होता ना तू."

"अन् त्या डिस्क?"

"इथी कोणत्या कामाच्या होत्या?"

मी ज्याला माया समजत होते, ती त्याच्या घरची अडगळ होती.

अबोला नाही धरला. लग्नाकार्यात भेटलो, एका पंगतीला जेवलो. पण पुन्हा मिळून काही घेतलं नाही.

मागच्या वर्षी त्याची तब्येत उतरलेली दिसली. मी विचारलं.

"ॲसिडिटी हाय. औषध चालू हाय."

मी पुन्हा विश्वास ठेवला.

नागपूरला नेल्यावर कळलं, लिव्हर गेलं होतं. त्याला कितीतरी महिने माहीत होतं. वहिनीला शपथ घातली होती. मी पोचले तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती.

सगळे म्हणतात, तुला त्रास नको म्हणून लपवलं.

माझ्या वाट्याचा होता तो त्रास, दादा. तू मले न विचारता काऊन ठेवून घेतला?

आज सकाळी विहारात त्याच्यासाठी वंदना झाली. वहिनी माझ्या बाजूला बसली होती. तिचा हात धरून खूप रडले. तिच्यावर माझा राग नाही.

तुझ्यावर आहे. अजून आहे.

जय भीम, दादा.