भोंग्याचं नाक

आमचे साडू म्हणजे बस स्टँडचा आवाज. स्टँडच्या मधोमध काचेची एक खोली, तिच्यात एक खुर्ची, एक माईक आणि साडू. सगळा स्टँड त्यांना भोंगा म्हणायचा. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. कुणी ‘भोंगा’ म्हणून हाक मारली की काचेआडून हात वर करायचे.

नाक मात्र कायमचं चोंदलेलं. ‘तीन’चं ‘तीड’ व्हायचं आणि ‘नऊ’चं ‘डऊ’. माईक सुरू केला की आधी नाक ओढायचे, लांब, ‘सूंऽऽक’! आणि खरं सांगतो, स्टँड चालायचा तो त्या सूंकेवर. ती वाजली की ड्रायव्हर हातातला कप खाली ठेवणार, आया पोरांना काखोटीला मारणार, म्हातारे बोचकी उचलणार. पुढे फलाट कितवा ते ज्याला हवं त्यानं ऐकावं. एकदा माईक चुकून चालू राहिला आणि साडूंनी आपलं सहज नाक ओढलं, तर चार गाड्यांची इंजिनं एकदम सुरू झाली!

घरात मात्र याच नाकानं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. साडू तोंड उघडं टाकून घोरायचे, म्हणून मेहुणी स्वयंपाकघरात अंथरूण घालायची. वास कशाचा म्हणून येत नसे. कपाळ असं ठणकायचं की बुटाची नाडी बांधायला वाकणंसुद्धा जिवावर यायचं. शेवटी मेहुणीनं निर्वाणीचं सांगितलं, "नाक दाखवून या, नाहीतर मी चालले माहेरी."

तिचं माहेर म्हणजे मागच्या गल्लीतला तिचा भाऊ. नळाची कामं करतो. एकच खोली, तीन पोरं. ही धमकी ऐकून साडू हलले नाहीत, पण नळवाला हादरला. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो साडूंच्या दारात उभा. "दाजी, चप्पल घाला. आत्ताच्या आत्ता डॉक्टर."

मेहुणी बरोबर होतीच, मीही गेलो. अशा ठिकाणी मला कुणी बोलवावं लागत नाही.

डॉक्टरबाईंनी दिव्यानं नाकात पाहिलं आणि म्हणाल्या, "मधला पडदा पार डावीकडे वाकलाय."

"काय सांगता!" मी म्हणालो. "माणूस जन्मभर नाकासमोर चालला, आणि नाकच वाकडं?"

टेबलावर त्यांनी मधोमध चिरलेलं एक प्लास्टरचं डोकं ठेवलं होतं. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर शिंपल्यासारख्या वळलेल्या तीन फळ्या होत्या, एकीखाली एक. आत येणारी हवा म्हणे त्या ऊन करतात, ओलसर करतात. मग बाईंनी आतल्या पोकळ्या दाखवल्या. भुवयांच्या वर, डोळ्यांच्या मधे, गालांत, आणि एक पार मागे खोल.

साडूंनी आपलं कपाळ चाचपलं. "म्हणजे हे पोकळ?"

"सगळ्यांचंच असतं," बाई म्हणाल्या.

"ह्यांचं पोकळ आहे हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ओळखलं होतं," मेहुणी म्हणाली.

नळवाल्याचं बोट मात्र गालातल्या पोकळीपाशी अडकलं होतं. "बाई, ही टाकी. मग हिचं भोक वरच्या अंगाला कसं? पाणी खालून काढतात. कुणी बसवलंय हे काम?"

बाईंनी छताकडे बोट दाखवलं.

"आमच्या धंद्यात असं केलं असतं तर गिऱ्हाइकानं पान्यानं हाणलं असतं!"

"आत बारीक केस असतात," बाई हसत म्हणाल्या. "ते कफ ढकलत ढकलत वर भोकापर्यंत नेतात. सूज आली, भोक बुजलं, की तुंबलं."

"अस्सं! पंप आहे म्हणा की!" नळवाल्याचं समाधान झालं. त्यानं प्लास्टरच्या गालावरून हात फिरवला.

पडदा सरळ करायचा, भोकं मोकळी करायची असं ठरत आलं, तेव्हा साडूंनी हळूच विचारलं, "आवाज बदलेल?"

"मोकळा होईल. चांगलंच आहे की."

साडूंचा चेहरा पडला. "बाई, आवाजावरच खुर्ची आहे माझी. तो गेला तर साहेब मला सामानाच्या कोठडीत बसवतील."

"आणि श्वास गेला तर?" मेहुणीनं विचारलं.

ऑपरेशन झालं. सूज उतरली, आणि एका सकाळी हवा दोन्ही नाकपुड्यांतून अशी सरसर आत गेली की साडूंना रडूच आलं. त्याच आनंदात ते कामावर गेले. माईक सुरू केला, नाक ओढलं. आवाजच नाही! मोकळ्या नाकातून हवा नुसतीच आत. मग घंटेसारख्या स्वच्छ आवाजात ते म्हणाले, "फलाट क्रमांक तीन."

कुणी हललं नाही. लोकांना वाटलं, कुठे रेडिओ लागलाय. गाडी रिकामी गेली. दुपारी आणखी एक तशीच गेली, तिच्यात फक्त कंडक्टर. केळीवाली काचेवर टकटक करून म्हणाली, "अहो दादा, आमचा भोंगा कधी येणार? तुम्ही बदलीवर आलात का?"

संध्याकाळी साहेब आले. "उद्या एक दिवस बघतो. नाहीतर कोठडीची किल्ली घ्या."

आणि दुसरं संकट वेगळंच. साडूंची खोली मुतारीला लागून. इतकी वर्षं नाक बंद, कळलंच नव्हतं! घरी आले ते हिरवेपिवळे होऊन. "अगं, मी तिथे बसतच कसा होतो?"

मेहुणी दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं हातातला लाकडी चिमटा साडूंच्या नाकाला लावला. "आता बोला."

"फलाट क्रबांक तीड," साडू म्हणाले आणि स्वतःच दचकले.

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ते उगीच नाही," मी म्हणालो.

पण नव्या चिमट्यातून सूंक निघेना. हवेला वाटच नव्हती. मग मागच्या गल्लीतून बोलावलेल्या नळवाल्यानं चिमट्यांची टोपली उपसून स्प्रिंग सैल झालेला एक जुना चिमटा शोधला आणि पान्याच्या टोकानं आणखी थोडा सैल केला. "दाजी, गळती पाहिजे. थोडीच, पण पाहिजे. ओढा आता."

सूंऽऽक!

दुसऱ्या दिवशी साहेब काचेबाहेर उभे. साडूंनी चिमटा लावला, नाक ओढलं, आणि अख्खा स्टँड उठला. म्हातारे, बोचकी, पोरं, सगळं तिसऱ्या फलाटाकडे. केळीवाली ओरडली, "आला गं बाई, आपला आला!" साहेबांनी कोठडीची किल्ली मुकाट्यानं खिशात टाकली. शिवाय चिमटा आहे तोवर मुतारीचाही त्रास नाही.

परवा गेलो होतो त्यांच्याकडे. साडू दारातून आत येतात न येतात तोच नाक वर करून म्हणाले, "दूध लागलंय. आणि ओल्या टॉवेलाला कुबट वास येतोय. आणि काल—"

मेहुणी उठली, टोपलीतून दुसरा चिमटा आणला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"हा घरचा."