विमानातला वास

शेजारी सुक्या मासोळ्या भाजून राहिले, अन् मले आमचं गोव्याचं विमान आठवलं.

मी सहा वर्षांचा होतो, बहीण सोनी दीडची. आमच्या तळ्यातल्या सुक्या मासोळीबिगर सोनी भात खातच नव्हती, म्हणून आईनं पुडी तिच्या दुपट्यात लपवली होती. विमानात वास सुटला. सारे सोनीकडे संशयानं पाहू लागले.

"पोरीनं घाण केली वाटते," मागची बाई नाक दाबून बोलली. मी लगेच तिची नक्कल केली.

बाबा कुजबुजले, "खरं सांग, काय आणलं वं?"

"चूप बसा. पुडी फेकली तं पोरगी खाईन काय?" आई बोलली अन् लंगोट बदलायचं सोंग करत सोनीले घेऊन संडासात गेली. असं तिनं चारदा केलं.

तवा मी लई हसलो. खिडकीतून ढग मीच पाह्यले. आईनं ते एकदाही पाह्यले नाही.